आठ तासांचं लोकेशन

"पत्ता?" नीलकंठराव लघाटे हात झटकून म्हणाले, "पत्ता विचारतो कोण आता! गेले ते दिवस. नुसता अंगठा दाबायचा, की पाहुणा दारात हजर!"

हेच दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. पण नीलकंठरावांची सगळी नोकरी धार गावच्या टपालखात्यात गेलेली! अर्धवट पत्त्याचं पाकीट आपण नुसतं हातात धरून ओळखायचो, असं ते स्वतःच सांगत. आणि नियतीचा चावटपणा बघा, निवृत्त झाल्यावर याच माणसाने घर बांधलं ते बिनपत्त्याच्या कॉलनीत! कॉलनीचं नाव कागदावर एक, कमानीवर दुसरं आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी 'वो पीछेवाली'. गल्ल्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत. ठेकेदाराने सगळ्या घरांना एकच गुलाबी रंग फासलेला. खूण म्हणून सांगावी अशी एक पाण्याची टंकी आहे, पण तशाच टंक्या आजूबाजूला आणखी दोन आहेत.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, घरात लग्नाची मुलगी आहे! श्रियाला बघायला आधी रतलामचे पाहुणे आले. ते भलत्याच टंकीमागे कुणाच्या तरी सत्यनारायणात जाऊन बसले, आरती केली, प्रसाद खाल्ला आणि मुलगी न बघताच प्रसन्न मनाने परत गेले. मग बदनावरचे आले. ते थेट सोयाबीनच्या गोदामात शिरले आणि तिथल्या शेटजीशी मालाच्या भावावरून भांडून, रागारागाने घरी गेले. दोन्ही वेळा फोनवर रस्ता सांगायला बिचारी श्रियाच होती. किती गोड आवाजात, किती वेळ समजावत होती पोर! पण लोकांना कळेल तर ना.

आणि आता देवासचं स्थळ आलं होतं. मुलगा शार्दूल मुजुमदार, देवासच्या कारखान्यात इंजिनियर. हे स्थळ श्रियाच्या मैत्रिणीने, नीतूने सुचवलेलं. पत्रिका जुळली, फोटो आवडले. नीलकंठरावांना तर हा मुलगा इतका पसंत पडला होता की झोपेतसुद्धा ते 'या, या, जावईबापू' म्हणत होते. अडचण एकच. मुलाची आजी, अक्का! देवासच्या मुजुमदारांच्या घरात अक्कांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी मुलाच्या वडिलांकरवी, म्हणजे यशवंतरावांकरवी, फोनवर स्वच्छ कळवलं होतं, "मुलामुलींनी परस्पर जुळवलेलं आमच्याकडे चालायचं नाही. रीतसर बघणं, रीतसर पसंती. आणि हो, रतलामकरांचं आमच्या कानावर आलंय. ज्यांना स्वतःचं घर धड दाखवता येत नाही, ते मुलगी काय दाखवणार? आम्ही एकदाच येऊ. घर सापडलं तर ठीक, नाहीतर राम राम."

म्हणजे सगळी मदार घर सापडण्यावर! म्हणून तर नीलकंठराव लोकेशन पाठवायला शिकले.

आठवडाभर त्यांनी सराव केला. दूधवाल्याला लोकेशन, गॅसवाल्याला लोकेशन. स्वयंपाकघरातल्या बायकोला बैठकीतून लोकेशन! "अहो, मला माहितीये तुम्ही कुठे बसलाय ते," सीताबाई ओरडल्या, "पंख्याखाली!"

"बाबा, सीधा करंट लोकेशन पाठवा हं," श्रियाने बजावलं होतं, "दुसरं काही दाबू नका."

पण पाहुण्यांच्या दिवशी सकाळी श्रिया साडी नेसण्यात गुंतली होती आणि पाहुणे देवासहून निघाल्याचा यशवंतरावांचा निरोप आला. नीलकंठराव फोन घेऊन बसले. आता बघा, साध्या लोकेशनच्या वर आणखी एक लोकेशन होतं. त्यात पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन दर्जे! नीलकंठराव गालात हसले. टपालात आयुष्य काढलेल्या माणसाला हे काय शिकवायचं? साधी डाक असते, रजिस्टर्ड असते, स्पीड पोस्ट असते. मुलीच्या लग्नाचं काम साध्या डाकेने पाठवतो का कुणी? त्यांनी सगळ्यात वरचा दर्जा निवडला, आठ तास! पाठवून झाल्यावर सवयीने फोनवर शिक्का मारल्यासारखी मूठसुद्धा आपटली.

"जायफळ संपलंय!" आतून सीताबाईंची हाक आली. "श्रीखंडात काय घालू? आणि चारोळी पण आणा."

नीलकंठरावांनी त्यांची खाकी थैली उचलली. ती त्यांना निवृत्तीच्या वेळी मिळालेली, टपालाच्या जाड कापडाची. तिच्याशिवाय ते कोपऱ्यावरसुद्धा जात नसत. फोन खिशात टाकला, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि स्कूटर काढली. वाण्याकडचं सामान थैलीत पडल्यावर त्यांना आठवलं, की देवासला पाठवलेल्या फोटोत आपले केस काळे कुळकुळीत आहेत. आरशात बघितलं तर पांढरे फटक! पाहुण्यांना अजून भरपूर वेळ होता. ते शांतपणे सलूनमध्ये शिरले.

"भाऊसाब, फोन इधर दो, रंग लग जायेगा," म्हणत सलूनवाल्याने त्यांचा फोन थैलीत ठेवला आणि काम सुरू केलं. डावी बाजू काळी झाली. आता उजवीकडे वळणार, तेवढ्यात आरशात एक पांढरी जीप दिसली. दारात येऊन थांबली. जीपमधून नऊवारीतल्या एक ताठ म्हाताऱ्या बाई उतरल्या, मागून धोतराचा सोगा सावरावा तशी पँट सावरत एक गृहस्थ. नीलकंठरावांनी ओळखलं. फोटोतले यशवंतराव! आणि या अक्का! देवासहून इतक्या लवकर? म्हणजे निरोप आला तेव्हाच यांची अर्धी वाट संपली होती!

"भिया, लोकेशन तो येईच बता रिया है," जीपचा ड्रायव्हर मोनू फोन नाचवत म्हणाला.

अक्कांनी सलूनच्या पाटीकडे बघितलं, मग आतल्या खुर्चीकडे. "यशवंता, व्याही न्हावीकाम करतात हे तू बोलला नाहीस."

"अक्का, ते टपालात होते हो," यशवंतराव पुटपुटले.

"लघाट्यांचं घर हेच का?" अक्कांनी खणखणीत आवाजात विचारलं.

नीलकंठरावांनी काय करायला हवं होतं? उठून नमस्कार! पण अर्धं डोकं काळं, अर्धं पांढरं, कानावर रंगाचा ओघळ, अशा अवस्थेत मुलीच्या बापाने अक्कांपुढे उभं राहायचं? त्यांनी टॉवेल ओढून तोंड झाकलं आणि टॉवेलमधूनच आवाज बदलून म्हणाले, "आगे, आगे!"

जीप पुढे गेली. मेले हे देवासवाले, लोकेशन बघायची अक्कल नाही, असं म्हणत नीलकंठराव ताडकन उठले. बेत साधा होता. पाहुण्यांच्या आधी घर गाठायचं, डोकं धुवायचं, वर काळी टोपी घालायची आणि दारात हसत उभं राहायचं. "अरे भाऊसाब, आधा बाकी है!" सलूनवाला ओरडतोय तोवर त्यांनी रंगासकट हेल्मेट चढवलं, थैली खांद्यावर टाकली आणि स्कूटर हाणली.

वळणावर त्यांनी स्कूटरच्या आरशात बघितलं. मागे पांढरी जीप!

त्यांनी डावीकडची गल्ली घेतली. जीप डावीकडे. त्यांनी उजवी घेतली. जीप उजवीकडे! योगायोग असेल म्हणून ते तलावाला वळसा घालून आले, तर जीपही वळसा घालून आली, आणि खिडकीतून अक्का तलाव बघत होत्या. आता घरी जावं तर हे सगळे सोबतच दारात उतरणार आणि हेल्मेट काढलं की सगळा कारभार उघडा! आधी यांना चकवायलाच हवं. ज्या पाहुण्यांची आठवडाभर डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली, त्यांनाच चुकवण्यासाठी नीलकंठराव भर बाजारातून नागमोडी स्कूटर पळवत होते! भाजीवाल्या बाया शिव्या देत होत्या. थैलीत फोन वाजत होता, पण हेल्मेटमध्ये ऐकू कुणाला येतंय?

बाजारात हातगाडी आडवी आली आणि जीप अडकली. नीलकंठराव सुसाट सुटले ते इंदूर नाक्यावर येऊन थांबले. श्वास घ्यायला म्हणून स्कूटरवरून उतरले, हेल्मेटची काच वर केली. समोर देवासची बस सुटायच्या बेतात उभी होती.

"भाऊसाब, राम राम!" खिडकीतून ड्रायव्हर रघुजीने हाक दिली आणि जोरात हॉर्न मारला.

आता इथे जे झालं त्याला नीलकंठरावांचा बिलकुल इलाज नव्हता. वर्षानुवर्षं याच नाक्यावर, याच बसवर, याच रघुजीच्या हातात ते टपालाची थैली चढवत आले होते. रघुजीचा हॉर्न वाजला की थैली वर, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. डोक्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता! हॉर्न वाजला, हाताने खांद्यावरची खाकी थैली उतरवली आणि खिडकीतून वर दिली. रघुजीच्याही हाताला तेच पाठ होतं. त्याने ती घेतली, सीटमागे टाकली आणि गिअर टाकला. दोघांनी एकमेकांना सलाम केला. बस गेली.

नीलकंठराव समाधानाने वळले. काय चुकलं हे त्यांना कळलंसुद्धा नाही! उलट आरशात जीप दिसेना, त्यामुळे स्वारी भलतीच खूश होती.

घरी आल्या आल्या ते मोरीत घुसले. डोकं धुतलं, पण चढला तो रंग चढलाच होता. मधोमध भांग पाडला असता तर दोन माणसं शेजारी शेजारी उभी आहेत असं वाटलं असतं. त्यांनी काळी टोपी कानापर्यंत ओढली.

"जायफळ?" सीताबाईंनी हात पुढे केला.

"थैलीत."

"थैली कुठाय?"

नीलकंठरावांनी खांदा चाचपला. मग दुसरा चाचपला. मग डोळ्यांपुढे इंदूर नाका आला, रघुजीचा हॉर्न आला, आणि ते मटकन खाली बसले. "अगं... टपालात टाकली!"

"अगबाई! आणि फोन?"

"तोही थैलीत."

सीताबाईंनी कपाळाला हात लावला. पाहुण्यांकडे नंबर होता तो फक्त त्याच फोनचा, आणि पाहुण्यांचा नंबरही त्याच फोनमध्ये! नीलकंठरावांना खरंच रडू यायच्या बेतात होतं. तिसऱ्यांदा पाहुणे हरवले. अक्का राम राम ठोकून देवासला जाणार आणि श्रियाच्या हातातलं हे चांगलं स्थळ आपल्या गाढवपणामुळे जाणार! पोरीचं तोंड बघवेना त्यांना.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. नीलकंठरावांनी डोळे मिटून घेतले. कारण गल्लीत कोतवाल होता. कोतवाल म्हणजे गल्लीतलं कुत्रं. कोण आलं तरी भुंकायचं, नीलकंठरावांवर तर रोज दोन वेळा! पण आज तो भुंकलाच नाही. शेपटी हलवत, कूं कूं करत तो मोटरसायकलस्वाराच्या अंगावर उड्या मारत होता.

"नमस्कार काका," मुलगा वाकून पाया पडला. "मी शार्दूल. रात्रपाळी होती ना, म्हणून अलग आलो. बाबा-अक्का आले का?"

"बघ! बघ सीते!" नीलकंठराव उड्या मारायचेच बाकी होते. "आठ तासांचं लोकेशन! कसा अचूक पोहोचला बघ मुलगा!" आनंदाच्या भरात त्यांना हे सुचलंच नाही की लोकेशन त्यांनी यशवंतरावांना पाठवलं होतं, शार्दूलला नाही. दारामागे उभी असलेली श्रिया मात्र पदराशी चाळा करत होती.

शार्दूलने वडिलांना फोन लावला. पलीकडे जीपचा खडखडाट ऐकू येत होता.

"अरे, आम्ही लघाट्यांच्या मागेच आहोत!" यशवंतराव ओरडत होते. "घाटाबिल्लोद गेलं! काय भन्नाट गाडी हाणतोय रे माणूस! सारखा इंदूरकडे पळतोय! अक्का म्हणतायत, मुलीच्या बापाला लग्न करायचं नसेल तर तोंडाने सांगावं!"

"बाबा, पण लघाटेकाका तर माझ्यासमोर बसलेत. टोपी घालून."

श्रियाने पुढे होऊन वडिलांना विचारलं, "बाबा, आठ तासवालं दाबलं का तुम्ही?"

"हो! सगळ्यात पक्कं म्हणून!"

"अहो बाबा, ते घर नाही पाठवत! ते तुम्हाला पाठवतं! तुम्ही जाल तिकडे ते जातं!"

नीलकंठरावांपुढे सगळी सकाळ उलगडली. सलून, गल्ल्या, तलाव. म्हणजे जीप हरवली नव्हती! ती बिचारी इमानदारीने आपल्या मागे येत होती आणि आपणच तिला गावभर पळवत होतो. आणि आता थैली देवासला निघाली होती आणि मागोमाग पाहुणे! संध्याकाळपर्यंत लोकेशनने त्यांना बरोबर त्यांच्याच दारात नेऊन सोडलं असतं.

पुढचं शार्दूलने फोनवर निस्तरलं. जीपने बस गाठली, मोनूने जीप आडवी घालून ती थांबवली. रघुजीने थैली बघून 'अरे, ये तो भाऊसाब की डाक है' म्हणत आधी द्यायलाच नकार दिला. ती कुणाच्या नावाची आहे, असं तो विचारत होता. शेवटी अक्का स्वतः बसमध्ये चढल्या. त्यानंतर रघुजीने काही विचारलं नाही.

जेवायची वेळ टळून गेल्यावर जीप कॉलनीत आली. रस्ता शार्दूल फोनवर सांगत होता, "कमानीतून आत, पहिली टंकी सोडा, दुसरीला वळू नका, तिसरीच्या आधी इस्त्रीवाला लागेल." कोतवाल जीपवर तुटून पडला.

"कोतवाल, गप! बस खाली!" शार्दूल म्हणाला. कोतवाल मुकाट्याने बसला.

अक्का उतरल्या. थकलेल्या, धुळीने भरलेल्या, पण ताठ. त्यांनी थैलीतून फोन काढून नीलकंठरावांच्या हातात ठेवला. "हे घ्या तुमचं घर! देवासला निघालं होतं, वाटेत धरून आणलं."

नीलकंठरावांनी हात जोडले. सीताबाईंनी पाणी दिलं, पानं मांडली, श्रीखंडात उशिरा का होईना जायफळ पडलं. अक्का जेवल्या. श्रीखंड दुसऱ्यांदा मागितलं. श्रियाला शेजारी बसवून दोन-चार गोष्टी विचारल्या. नीलकंठरावांच्या जिवात जीव येत होता, तोच अक्कांनी हात धुतले आणि सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

"मला एक सांगा. या घराला पत्ता नाही. लोकेशन म्हणावं, तर ते बसमध्ये. मग शार्दूल, तू इथे पोहोचलास कसा?"

शार्दूलच्या हातातली सुपारी खाली पडली. "ते अक्का... पूछते-पूछते आलो."

"आम्ही अर्ध्या धारला विचारलं. एकालाही ठाऊक नव्हतं."

"मला एक भला माणूस भेटला."

"असं? आणि कुत्र्याचं नाव कोतवाल आहे, हेही त्या भल्या माणसाने सांगितलं?"

यशवंतराव छताकडे बघायला लागले. श्रियाचे कान लाल झाले. आणि नीलकंठरावांच्या डोक्यात, टोपीखाली, अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या पांढऱ्या अशा दोन्ही बाजूंना एकदमच उजेड पडला. परस्पर जुळवलेलं! अक्कांना बिलकुल न चालणारं! संपलं सगळं!

"किती दिवसांचं आहे हे?" अक्कांनी श्रियाला विचारलं.

"दोन वर्षं," श्रिया हळूच म्हणाली. मग मान वर करून म्हणाली, "अक्का, राग माझ्यावर काढा. बाबांना खरंच काही माहीत नव्हतं."

"ते दिसतंच आहे," अक्का म्हणाल्या. "यशवंता, रीतसर मुलगी बघायला म्हणून सकाळी निघालो आपण. आणि बघितलं काय? सलून, तलाव आणि बस! रीत मोडणारा हा एकटाच काय तो वेळेवर पोहोचला." त्यांच्या ओठांचे कोपरे हलले आणि मग त्या ताठ बाई गदागदा हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या! "अरे, पुन्हा जीपमध्ये बसून दुसरी मुलगी शोधायचं त्राण नाही माझ्यात. आणि जो न विचारता इथे येतो, त्याला मी आणखी कुठे पाठवू? मुलगी पसंत आहे! सीताबाई, साखर आणा."

सगळं घर एकदम बोलायला लागलं. सीताबाई रडत रडत हसत होत्या. मोनू जीपमधूनच 'बधाई हो भिया' ओरडला. नीलकंठराव अक्कांच्या पाया पडायला वाकले, तशा अक्का म्हणाल्या, "टोपी काढा आता, व्याही. उकडत असेल. अर्धं डोकं सलूनमध्ये बघितलंय मी. 'आगे, आगे' म्हणणारे तुम्हीच ना?"

टोपी निघाली आणि पुन्हा हशा पिकला. जाताना अक्कांनी एकच अट घातली. सीमांतपूजन इंदूर नाक्यावरच होईल आणि त्या वेळी नीलकंठरावांनी तिथे रिकाम्या हाताने उभं राहायचं. थैली आणायची नाही.

जीप गेली. मोटरसायकल गेली, तिच्यामागे कॉलनीच्या कमानीपर्यंत कोतवाल धावत गेला. नीलकंठराव पायरीवर बसले होते. श्रिया येऊन शेजारी टेकली. त्यांनी शेवटी विचारलंच.

"श्रिया, मग ते रतलामवाले आणि बदनावरवाले? त्यांना तर तू इतका वेळ फोनवर पत्ता समजावून सांगत होतीस!"

"सांगितला ना बाबा. अगदी नीट सांगितला." श्रियाने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "फक्त आपला नाही सांगितला."

सगळी नोकरी पत्त्यांमध्ये काढलेल्या नीलकंठरावांनी एक मोठा सुस्कारा सोडला. मग खिशातून फोन काढला आणि तो हळूच मुलीपुढे धरला.

"हे आठ तासवालं बंद कुठून करतात गं?"